वस्तऱ्याआधी दगड: सपाट करण्याची तयारी

वस्तरा आज डब्यातच राहू द्या. धार लावायचा नवा दगड घरी आला की पहिल्याच संध्याकाळी त्यावर पातं फिरवून बघायचा मोह होतो आणि तिथेच गाडं बिघडतं. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, कोन हाताने सांभाळावा लागत नाही, ही त्याची मोठी सोय. पण दगड मधे खोलगट असेल तर धारेची दोन टोकं घासली जातात आणि मधला भाग कोराच राहतो. मग माणूस धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्याला बोल लावतो.

पूर्वी हे न्हाव्याला विचारता आलं असतं. त्याच्या धोकटीत वस्तरा, नराणी, वाटी यांच्याबरोबर दगडही असायचा. आता सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात आणि दाढी झाली की फेकतात. तेव्हा आपलं आपणच.

आधी दगडाची जात ओळखा. माझ्याकडे दोन आहेत. एक बेल्जियमच्या आर्देन भागातला, व्हिएलसाल्मच्या परिसरात निघणारा पिवळसर कोटिक्यूल. त्यात गार्नेटचे अतिबारीक कण असतात. पाण्यात घासल्यावर ते सुटे होतात आणि तेच पोलाद खातात. हा पिवळा थर खाणीत अरुंद पट्ट्यांतच सापडतो, म्हणून बहुतेक तुकड्यांना खालून पाटीच्या दगडाचा आधार असतो. दगड आडवा धरून पिवळा थर किती जाड आहे ते बघून ठेवा. पुंजी तेवढीच, उगाच उगाळू नका. दुसरा अमेरिकेतल्या आर्कान्साचा नोव्हाक्युलाइट, म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ, आपल्या गारगोटीचा भाऊबंद. तो कण सहजी सोडत नाही. त्याचा पृष्ठभाग तुम्ही जितका गुळगुळीत कराल तितका तो बारीक काम करतो.

जुना, तेल प्यालेला आर्कान्सा असेल तर गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश. एका दिवसात तेल निघत नाही, धीर धरा. कोटिक्यूल मात्र रात्रभर भिजत टाकू नका. त्याला त्याची गरज नसते, आणि आधाराचा दगड चिकटवलेला असेल तर सांधा सुटायची भीती.

सामान फार नाही. काचवाल्याकडून 10 किंवा 12 मिलिमीटर जाडीचा, दगडापेक्षा चांगला ऐसपैस तुकडा, कडा घासून घेतलेला. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर: 220, 400, 600 आणि 1000 नंबर. पेन्सिल, स्टीलची पट्टी, बादली, जुना टॉवेल. काचेवर कंजुषी नको. पहिल्या खेपेला मी न्हाणीघरातली उरलेली लादी वापरली. पेन्सिलच्या रेघा छान पुसल्या गेल्या, मी खूश. मग दगडावर पट्टी उभी धरून खिडकीकडे पाहिलं तर मधून उजेडाची बारीक फट. लादीच फुगीर होती, आणि दगडाने तिचा साचा इमानेइतबारे उचलला होता. रेघा पुसल्या म्हणजे दगड खालच्या पृष्ठभागाशी जुळला, एवढंच कळतं. दोन दगड एकमेकांवर घासले तरी हीच गोम: एक फुगीर, दुसरा खोलगट होऊनही गच्च बसतात. म्हणून जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने 1840 मध्ये लोखंडी पृष्ठभाग सपाट करण्याची जी रीत मांडली, तिच्यात तीन पृष्ठभाग आळीपाळीने एकमेकांशी जुळवायचे होते. आपल्याला काच आणि पट्टी पुरे.

आता काम. काच ओल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे सरकणार नाही. 220 चा पेपर भिजवून काचेवर चिकटवा. दगडावर पेन्सिलने उभ्याआडव्या रेघांची जाळी काढा आणि पाणी घालत इंग्रजी आठच्या आकारात घासा. दाबू नका, दगडाचं वजन पुष्कळ होतं. वीसेक फेऱ्यांनी घासायची बाजू तीच ठेवून दगडाची पुढची-मागची टोकं बदला, नाहीतर हाताजवळची बाजू जास्त झिजते. सुरुवातीला खर्र खर्र आवाज येतो, पांढुरका चिखल जमतो. हळूहळू आवाज एकसारखा होतो आणि दगड ओल्या पेपरला चिकटून ओढल्यासारखा लागतो. तेव्हा धुवा, पट्टी लावा; लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. पाट्याला टाकी लावतात ती खरखरीत व्हावा म्हणून. इथे सगळं नेमकं उलटं. उजेड दिसेनासा झाला की 400, मग 600, आणि प्रत्येक पेपरला नवी जाळी. कोटिक्यूल मी 600 वर सोडतो. आर्कान्सा पेपर खाऊन टाकतो, म्हणून त्याला आधी काचेवर कार्बोरंडमची (घासकामाच्या सिलिकॉन कार्बाइडची) जाडी पूड आणि पाणी, नंतर पेपर थेट 1000 पर्यंत.

कडा विसरू नका. 400 च्या पेपरवर दगड तिरका धरून चारही कडा दीड-दोन मिलिमीटर मोडा; धारदार कडेला वस्तरा एकदा अडकला की खाच पडलीच. कोटिक्यूलवर घासून चिखल करायचा छोटा दगड असेल तर तोही याच पेपरवर सपाट करून घ्या. आणि कोरडं कधीच घासू नका. ही सिलिकाची धूळ आहे, फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही.

शेवटी वाहत्या पाण्याखाली ब्रशने दोनदा धुवा, कारण पेपरचा एक जाडा कण मागे राहिला तरी धारेवर ओरखडा येतो. बादलीतला गाळ मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो; कुंडीत गेला तर चालेल. दगड सावलीत, कडेवर उभा करून वाळू द्या.