रूळ गेले, आता पायवाट करू? आधी या चुका टाळा

सांगली जिल्ह्याने दोन लहान गेज, म्हणजे रुळांमधली कमी रुंदी, पाहिले. पुणे-मिरज मीटरगेज 1970 च्या सुमारास ब्रॉडगेज झाली. 1927 साली मिरजेपर्यंत आलेली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज या शतकात बदलली. गेज बदलताना नवा मार्ग शक्यतो जुन्याच पट्ट्यातून नेतात. जिथे वळण सरळ करतात, तिथे जुना भराव बाजूला पडतो. असा तुकडा गावाजवळ असेल तर चालायला आणि सायकलला त्यासारखी जागा नाही. गाडीसाठी चढ बेताचा ठेवलेला असतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना झेपतो आणि व्हीलचेअरही जाते.

पण रूळ उखडले म्हणून जमीन गावाची होत नाही. रेल्वे ती रीतसर देत नाही तोवर ती रेल्वेचीच, आणि रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार तिथे विनापरवाना शिरणं गुन्हा आहे. ग्रामसभेचा ठराव हवाच, पण त्यात नुसतं 'जुनी रेल्वेलाईन' लिहून भागत नाही. भूमी अभिलेखचा गटनकाशा आणि सातबारा शेजारी ठेवा, गट नंबर लिहा, हद्द मोजून घ्या. कडेच्या शेतकऱ्याने दोन सरी आत घेतल्या असतील तर ते मोजणीतच कळू दे, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नको. अर्ज कुठे द्यायचा तेही आधी विचारून घ्या: पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग पुणे विभागाकडे, तर मिरज-कुर्डुवाडी, म्हणजे जुनी बार्शी लाइट, मुख्यतः सोलापूर विभागाकडे.

यापुढचा बिघाड मात्र बहुतेक वेळा पाण्याने होतो, आणि आराखड्यात त्यालाच सगळ्यात कमी जागा मिळते. भराव म्हणजे शेतांमधून गेलेला मोठा बांधच. वरच्या अंगाचं पाणी खाली उतरावं म्हणून रेल्वेने ठिकठिकाणी मोऱ्या ठेवलेल्या असतात. गाडी बंद झाली की त्या साफ करणारी गँगही जाते. मोरीत गाळ बसतो, तोंडाशी वेडी बाभूळ वाढते, आणि कुणीतरी त्यातूनच विहिरीची पाइपलाइन नेलेली असते. कवठेमहांकाळ-जत हा कमी पावसाचा पट्टा, म्हणून कुणी तिकडे बघत नाही. पण परतीचा पाऊस एका संध्याकाळी ओढा भरून टाकतो. त्यात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याने बागायत वाढली, तसा पाझरही वाढला. मोरी तुंबलेली असताना वर मुरूम टाकला, तर पाणी वरच्या द्राक्षबागेत साचतं आणि एखाद्या रात्री शेतकरी भराव फोडून पाण्याला वाट करून देतो. त्यात त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

म्हणून पाहणी उन्हाळ्यात उरकू नका, पावसाळ्यात करा. भरावाच्या वरच्या अंगाला बाभळीच्या फांद्यांत काडीकचरा, खताच्या पिशव्या कुठवर अडकल्यात ते बघा. पाणी तेवढं चढतं. प्रत्येक मोरीत टॉर्च मारून आरपार दिसतं का पाहा. पाइपलाइन असेल तर मालकाशी बोलून तिच्यासाठी वेगळा पाइप टाकून द्या. जिथे मार्ग जमीन खोदून खालून नेलाय, तिथे आधी दोन्ही कडेची गटारं उकरा. तीन मीटर रुंदीच्या वाटेला मधे कडेपेक्षा साधारण तीन सेंटीमीटर उंची द्या. वाट झाल्यावर एकाच जागी सारखा चिखल होत असेल तर तिथे मुरूम ओतत बसू नका. पाणी कुठून आत येतंय ते शोधा.

खडी रेल्वेने उचलली नसेल तर तिच्यावर नुसता मुरूम पसरणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन पावसांत तो फटींतून खाली जातो. आधी बारीक खडी आणि चुरा भरून रोलर फिरवा, मग मुरूम टाकून पाणी मारून दाबा. लाकडी स्लीपर मिळाले तर त्यांचे बाक करू नका. त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवणारं डांबरी तेल, पाजलेलं असतं, ते अंगाला लागणं बरं नाही.

दुसरी मोठी चूक माणसांच्या बाबतीत होते. भराव ओलांडणाऱ्या पाणंदी सुशोभीकरणात बंद केल्या, की गळीत हंगामात उसाची ट्रॉली वाटेवरूनच जाणार. तिला ओलांडायला ठरावीक जागी पक्का उतार द्या. मात्र जुन्या पुलांवरून ट्रॅक्टर कदापि जाऊ देऊ नका. बार्शी लाइटची मूळ आखणीच एका आसावर 5 टन भार धरून झाली होती. मोटारसायकली खांबांनी थांबत नाहीत. व्हीलचेअरला फट ठेवली की दुचाकीही तिथून जाते, म्हणून तो प्रश्न गावातल्या पोरांशी बोलूनच सोडवावा लागतो. सावलीसाठी कडुनिंब, करंज लावा. वेडी बाभूळ मुळासकट काढा, नाहीतर सायकली रोज पंक्चर.

सगळा पट्टा एकदम हाती घेऊ नका. इंग्लंडमधली ब्रिस्टल-बाथ ही 21 किलोमीटरची रेल्वेवाट 1979 ते 1986 अशी तुकड्यातुकड्याने, स्वयंसेवकांच्या हातून झाली. आपण शाळा ते ओढा एवढ्याच तुकड्याने सुरुवात करावी. आणि दरवर्षी मे संपायच्या आत मोऱ्यांची तोंडं कोण उपसणार, मजुरी कुठल्या निधीतून निघणार, हे पहिल्याच ठरावात लिहून घ्यावं.