अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद: जुन्या खटल्यांवर काम कुठून सुरू करावं

अमेरिकेत एलएल.एम. करणारे किंवा नागरी हक्कांच्या संस्थेत इंटर्नशिपला लागणारे आपले विद्यार्थी शाळांमधलं वर्णाधारित विलगीकरण घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन निकालाची पारायणं करून आलेले असतात. प्रत्यक्ष कामात तो क्वचितच उघडावा लागतो. पहिला प्रश्न वेगळाच असतो: ज्या शालेय जिल्ह्याबद्दल (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेबद्दल) तक्रार आहे, त्याच्यावर वर्णभेद संपवण्याचा न्यायालयाचा जुना आदेश अजून लागू आहे का? दक्षिणेत साठ-सत्तरच्या दशकांतले असे आदेश आजही कागदोपत्री जिवंत सापडतात. कधी कधी तर शाळा चालवणाऱ्यांनाच त्यांचा पत्ता नसतो.

आदेश लागू असेल, तर भेदाचे अवशेष संपवल्याचं जिल्ह्याने सिद्ध करायचं. तो उठला असेल, तर फिर्यादीला नव्याने हेतुपुरस्सर भेदभाव दाखवावा लागतो, आणि तिथेच बहुतेक दावे अडतात.

म्हणून आधी डॉकेट, म्हणजे खटल्यातल्या कागदपत्रांची नोंदयादी, पाहायची. पेसर या संघीय न्यायालयांच्या ऑनलाइन नोंदसेवेवर पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला बहुधा कमाल ३ डॉलर. तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर माफ. तरी आधी कोर्टलिसनर या मोफत संकेतस्थळावर फुकट मिळतंय का ते पाहा. जुन्या खटल्यांचे मूळ कागद मात्र ऑनलाइन सहसा नसतात. ते न्यायालयाच्या क्लार्ककडे चौकशी करून राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवावे लागतात. वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

मग भेदाचे अवशेष उरलेत का हे पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८च्या ग्रीन निकालातले सहा मुद्दे तपासायचे: विद्यार्थ्यांची शाळांमधली विभागणी, शिक्षक, इतर कर्मचारी, बससेवा, अभ्यासेतर उपक्रम, इमारती. १९९२च्या फ्रीमन निकालापासून न्यायालय एकेका मुद्द्यावरची देखरेख सुटी सुटी उठवू शकतं. त्यामुळे ‘जिल्हा मुक्त झाला’ अशा बातमीवर विसंबू नका, आदेशच वाचा.

शाळानिहाय पट राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राकडे मिळतो. त्यावरून प्रत्येक शाळेतलं कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण जिल्ह्याच्या प्रमाणाच्या किती जवळ आहे ते पाहायचं. प्राथमिकची तुलना प्राथमिकशी, हायस्कूलची हायस्कूलशी करा. त्या स्तरावर जिल्ह्यात ४० टक्के मुलं कृष्णवर्णीय असतील, तर १५ टक्केवारी-अंकांच्या फरकाने शाळेसाठी २५ ते ५५ टक्के ही कक्षा येते. काही आदेशांत २० अंकांची मुभा असते. चाळीसचे १५ टक्के काढून ३४ ते ४६ लिहिणं ही नेहमीची चूक. शिवाय शाळेचा आकडा नीट दिसतो आणि प्रगत अभ्यासक्रमाच्या वर्गात सगळी गोरी मुलं, असंही घडतं. वर्गनिहाय याद्या मागाच.

जुन्या आदेशाची ताकद पाहायची तर मिसिसिपीतलं क्लीव्हलँड. दावा १९६५चा. ‘हवी ती शाळा निवडा’ या योजनेत रेल्वेरुळांपलीकडच्या ईस्ट साइड हायस्कूलकडे गोरी मुलं फिरकतच नव्हती. २०१६मध्ये न्यायालयाने दोन्ही हायस्कुलं एकत्र करायला लावली. २०१७मध्ये एकच शाळा सुरू झाली. अलाबामातल्या गार्डनडेलला स्वतंत्र जिल्हा काढायचा होता. अपील न्यायालयाने २०१८मध्ये तो अडवला, तोही १९६५मध्येच दाखल झालेल्या एका वेगळ्या खटल्यात.

शहर आणि उपनगर यांच्यातला भेद मात्र या वाटेने सहसा सुटत नाही. डेट्रॉइट शहर आणि उपनगरांतली मुलं एकत्र आणण्याची योजना १९७४च्या मिलिकन निकालाने जिल्ह्याच्या हद्दीवर थांबवली. आपल्या घटनेतल्या कलम २१-अ सारखा शिक्षणाचा हक्कही अमेरिकेच्या संघराज्य घटनेत नाही. म्हणून वकील त्या-त्या राज्याच्या स्वतंत्र घटनेकडे वळतात. १९९६चा कनेटिकटमधला शेफ निकाल तसाच मिळाला. पण कनेटिकटच्या घटनेत विलगीकरणाला स्पष्ट शब्दांत मनाई आहे, तशी फार थोड्या राज्यांत आढळते. शेफचा दाखला देण्याआधी तुमच्या राज्याचं कलम उघडून बघा.