चूल एक, ताटं वेगळी: लहान मुलांच्या घरात कमी कार्बचं जेवण कसं बसवावं

माझं माहेर अथणीकडचं, सासर खानापूरकडचं. माहेरी पाऊस कमी, शिवारात ज्वारी, म्हणून ताटात भाकरी. सासरी पाऊस कोसळतो, भाताची शेती, म्हणून ताटात भात. बेळगावात बिऱ्हाड थाटलं आणि दोन्ही तालुके एकाच ताटात आले: आधी दोन भाकऱ्या, मग ‘थोडासा’ भात. नवऱ्याची साखर वाढली आणि डॉक्टरांनी कार्ब, म्हणजे पिष्टमय पदार्थ आणि साखर, कमी करायला सांगितले, तेव्हा हिशेब करायची वेळ आली.

पहिल्या आठवड्यात मी उत्साहानं सगळ्यांचाच भात बंद केला. तिसऱ्या दिवशी चार वर्षांची धाकटी शेजारच्या अक्कांच्या स्वयंपाकघरात मांडी घालून अन्न-सारू ओरपताना सापडली. "आमच्या घरात भात संपलाय की," असं तिनं त्यांना सांगितलं होतं. अक्कांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी अजून विसरले नाही. चूक माझीच होती. पथ्य नवऱ्याला सांगितलं होतं, पोरांना नव्हे.

आधी ठरवा, कार्ब कुणाचे कमी करायचे

वाढत्या मुलांना धान्य लागतं. वर्षापुढच्या मुलांनाही दिवसाला निदान १३० ग्रॅम कार्ब मिळावेत असं आहारशास्त्र सांगतं, कारण मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज आहे. मोठ्यांच्या बाबतीत मात्र साधारण याच आकड्याच्या खालच्या जेवणाला कमी कार्बचं जेवण म्हणतात. म्हणजे जिथे मुलांची किमान गरज संपते, तिथून मोठ्यांचं पथ्य सुरू होतं. म्हणून मुलांचा भात, भाकरी, केळं, रताळं चालू ठेवायचं. त्यांची कमी करायची ती साखर आणि मैदा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर वरून साखर घालूच नये, आणि गूळही त्यातच धरावा.

मोठ्यांपैकी कुणी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल, तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. जेवण घटलं आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर सुरू होते. डापाग्लिफ्लोझिन ही साखरेवरची दुसरी गोळी चालू असेल तर विचारणं आणखी गरजेचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे स्वतःच्या मनानं करू नये.

मग एकदाच वजनकाटा काढा

रोज मोजत बसायचं नाही. एकदाच आपल्या नेहमीच्या भाकरीचं पीठ तोला. माझी भाकरी ६० ग्रॅम पिठाची निघाली. त्यात सुमारे ४० ग्रॅम कार्ब. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला २८ ग्रॅम धरा. नवरा रात्री दोन भाकऱ्या आणि वर दोनशे ग्रॅम भात खायचा, म्हणजे एका जेवणात नुसत्या धान्याचेच सुमारे १३६ ग्रॅम. दिवसभराचा कोटा एका ताटात संपत होता!

इथे एक गैरसमज खोडायला हवा. ज्वारी, नाचणी ‘शुगरवाल्यांना चालते’ म्हणून ढीगभर खाल्ली जाते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून मुलांना आंबील जरूर द्या. ज्वारीत पांढऱ्या भातापेक्षा तंतू जास्त, हेही खरं. पण पिठाला पीठ तोललं तर कार्ब जवळपास गव्हाएवढेच. भाकरी बदलून भागत नाही, मोजूनच खावी लागते. गुळाचंही तसंच. निपाणी-चिकोडीकडचा गूळ कितीही चांगला असला, तरी शरीराच्या लेखी ती साखरच.

आमच्याकडे नवऱ्याचा दिवस असा बसला: दुपारी एक भाकरी ४०, रात्री अर्धी २०, दोन वेळा लहान वाटीभर उसळ किंवा घट्ट आमटी मिळून ४०, बिनसाखरेच्या चहातलं दूध ५, भाज्या-कोशिंबिरीचे १५. बेरीज १२०. सकाळी दोन अंडी. त्यांत कार्ब नावालाच. रात्रीचा भात गेला. रेशनच्या तांदळाचं पोतं घरात दिसत असताना भात सोडणं सोपं नाही, हे कबूल. म्हणून भाताचं पातेलं जेवणाच्या जागी आणतच नाही. मुलांच्या ताटात ओट्यापाशीच वाढून आणते.

आता बेत उलटा करा

आपण विचारतो, "आज भाकरीबरोबर काय?" तो प्रश्न फिरवायचा: आज कालवण कुठलं, आणि त्याच्याबरोबर कुणाला किती धान्य? कालवण पोटभरीचं असेल तरच मोठ्यांना अर्धी भाकरी पुरते. नुसत्या पातळ सारावर अर्धी भाकरी दिली, तर माणूस रात्री अकराला डबे उघडणारच.

पोटभरीचं म्हणजे मसूर, मटकी, चवळी, अंडी, पनीर, मासे, चिकन यांपैकी एक काहीतरी पातेल्यात हवंच. कडधान्यातही कार्ब असतात, शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात साधारण २०, पण सोबत ९ ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर तंतूही येतात. बाकी अर्धं ताट भाजीचं: वांगं, दोडका, कोबी, फ्लॉवर, पालेभाजी. बटाटा आणि रताळं मुलांच्या बाजूला.

स्वयंपाक दोनदा करायचा नाही. भरल्या वांग्यांचं उदाहरण घ्या. शेंगदाण्याचा कूट, तीळ, थोडं सुकं खोबरं, मीठ, हळद, चिंचेचं बोट. गूळ गाळला तरी चव जात नाही, फक्त कांदा नीट परता. आधी बिनतिखटाचा मसाला दोन-तीन वांग्यांत भरून ती बाजूला ठेवायची. मग उरलेल्या मसाल्यात संकेश्वरी मिरचीचं तिखट मिसळून बाकीची भरायची. एकाच कढईत, मुलांची वांगी देठाला दोरा बांधून. रस्सा थोडा मिसळतोच. त्यानं पोरं हळूहळू तिखटाला सरावतात. उसळीचंही हेच. शिजलेली मटकी मुलांसाठी वाटीभर आधी काढून, तूप-जिरं घालून भातावर. उरलेल्या मटकीला कांदा-लसूण मसाल्याची फोडणी.

फ्लॉवर किसून त्याला ‘भात’ म्हणण्याची एक पद्धत निघालीय. नवरा खातो. पण तो भात नव्हे, फ्लॉवरचा चुरा आहे, आणि चार वर्षांच्या मुलीला हे एका घासात कळतं. तिला फसवायला जाऊ नका. पुढे खऱ्या भातावरही संशय घेईल.

उत्तर कर्नाटकातली एक सवय मात्र मुद्दाम उचलावी: भाकरीबरोबर कच्ची मेथी, मुळा, काकडी, कांद्याची पात तशीच खाण्याची. धुऊन ताटात ठेवायची, बस्स. वर कारळ्याची चटणी, अक्कांच्या भाषेत गुरेळ्ळू, आणि दही. अर्ध्या भाकरीला एवढं तोंडी लावणं असलं की ती पुरवून पुरवून खाल्ली जाते. धाकटी मेथी खात नाही, काकडी खाते. ठीक आहे.

बाजाराच्या दिवशी पाच कालवणं ठरवा

सात ठरवू नका. दोन दिवस उरल्यासुरल्याचे आणि पाहुण्यांचे असतात. आमची पाच अशी: अख्खा मसूर, अंड्याचा रस्सा, भरली वांगी आणि दही, झुणका आणि पालेभाजी, रविवारी चिकन किंवा बाजारात आलाच तर बांगडा. झुणक्याला बेसन जपून. ५० ग्रॅम बेसनातही सुमारे ३० ग्रॅम कार्ब असतात, म्हणून कांदा किंवा कोबी दुप्पट आणि बेसन भुरभुरवण्यापुरतं. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा, कोबी-फ्लॉवर शेवटाला ठेवा.

दुपारचे चार

खरी लढाई इथे आहे. पोरं शाळेतून येतात आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून खारीचा वास येत असतो. घरी खारी, टोस्ट, बिस्किटं भरूनच ठेवली नाहीत, तर निम्मं काम होतं, कारण मुलांच्या डब्यातली खारी बापच जास्त खातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याऐवजी मुलांना उकडलेलं रताळं, केळं, नाचणीचं धिरडं, उकडलेलं अंडं, साधं दही. मोठ्यांना मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा ताक. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून दह्यात घाला. आणि मुलांचं दूध सायीसकट असू दे. पथ्य बापाला आहे.

मुलांसमोर ‘भात वाईट’, ‘बाबा जाड झाले’ असलं बोलायचं नाही. थोरल्यानं विचारलं, "बाबा भात का खात नाहीत?" तेव्हा म्हटलं, "त्यांना डॉक्टरांनी कमी सांगितलाय, तुला नाही." तेवढं पुरलं. कुणी कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, घेऊन आलं, तर सगळ्यांसमोर, जेवणानंतर, चमचाभर. लपवलेला कुंदा दुप्पट संपतो.

नवऱ्याची तीन महिन्यांची साखर, एचबीए१सी, ठरल्या वेळी तपासायची. मुलांचं वजन-उंचीही अधूनमधून लिहून ठेवायची. वजन वाढायचं थांबलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

राहता राहिली रात्रीची उरलेली अर्धी भाकरी. ती सकाळी कुस्करून, कांदा-मोहरीची फोडणी आणि वर दही घालून थोरल्याला शाळेआधी देते. बाप पलीकडे बसून अंडी सोलतो आणि विचारतो, "एक चमचा?" थोरला ताटली ओढून घेतो.