डायरेक्टरमध्ये कर्सर बदलायचा कसा, आणि बदललेला परत आणायचा कसा

डायरेक्टर या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या जुन्या मल्टिमीडिया सीडीचा प्रकल्प हातात आला की पहिली तक्रार ठरलेली: बटणावर बोटाचा कर्सर येत नाही. दुसरी तक्रार त्याहून वाईट: जिथे बटणच नाही तिथेही बोट दिसतं. पहिली दोन मिनिटांत सुटते. दुसरीवर मिळणारे बहुतेक सल्ले कुचकामी असतात. (लिंगो या डायरेक्टरच्या स्क्रिप्टिंग भाषेचे शब्द इथे देवनागरीत दिलेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचे.)

बटणाच्या स्प्राइटला (पडद्यावर मांडलेल्या वस्तूला) एक बिहेवियर, म्हणजे छोटी स्क्रिप्ट, जोडा. त्यातल्या बिगिनस्प्राइट हँडलरमध्ये (स्प्राइट पडद्यावर येताच चालणाऱ्या भागात) एवढीच ओळ लिहा: स्प्राइट(मी.स्प्राइटनम).कर्सर = 280. झालं.

280 म्हणजे बोट. 260 उघडा पंजा आणि 290 मिटलेली मूठ, हे दोन्ही ओढायच्या वस्तूंसाठी. 4 म्हणजे थांबा, आणि 200 दिला तर कर्सर गायब.

आता खरी डोकेदुखी. कर्सर नावाची आज्ञा आहे आणि त्याच नावाचा स्प्राइटचा गुणधर्मही आहे. आज्ञा पूर्ण स्टेजला (पडद्याला) लागू होते, गुणधर्म फक्त त्या स्प्राइटला. ‘माउसएंटरमध्ये कर्सर 280 द्या, माउसलीव्हमध्ये कर्सर -1 द्या’ (म्हणजे माउस बटणावर आला की बोट, बाहेर गेला की बाण) हा सल्ला जिथे तिथे दिसतो. दिसायला सरळ आहे, पण बटण दाबल्याबरोबर मूव्ही दुसऱ्या फ्रेमवर उडी मारत असेल तर माउसलीव्ह येईलच याची खात्री नसते. मग पुढच्या पडद्यावर रिकाम्या जागीही बोटच राहतं. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक एक्झिटफ्रेममध्ये (फ्रेम सोडताना चालणाऱ्या हँडलरमध्ये) कर्सर -1 लिहिणारे लोक मी पाहिलेत. असं करू नका. त्याने दुखणं झाकलं जातं, आणि कधीतरी मुद्दाम लावलेला ‘थांबा’ कर्सरही त्यातच पुसला जातो.

म्हणून मी गुणधर्मच वापरतो. पण त्यातही एक गोम आहे, आणि तिने मला पुष्कळ छळलंय. गुणधर्म दिला की डायरेक्टर त्या स्प्राइटचा चौकोन लक्षात ठेवतो, आणि फ्रेम बदलली तरी विसरत नाही. बटण स्कोअरमधून (डायरेक्टरच्या टाइमलाइनमधून) संपलेलं असतं, पडद्यावर नुसती पार्श्वभूमी असते, तरी त्या जागेवर माउस नेला की बोट हजर! त्या चॅनलचा (स्कोअरमधल्या त्या स्प्राइटच्या ओळीचा) कर्सर शून्य करेपर्यंत हा चौकोन जात नाही. त्यामुळे त्याच बिहेवियरमध्ये स्प्राइट संपताना चालणारा एंडस्प्राइट हँडलर हवाच, आणि त्यात ओळ: स्प्राइट(मी.स्प्राइटनम).कर्सर = 0.

शून्यच, -1 नाही. -1 म्हणजे ‘इथे बाण दाखव’ असं सांगणं, शून्य म्हणजे ‘इथे काहीच ठरवलेलं नाही’. दोन्हीकडे बाणच दिसतो म्हणून लोक फसतात. आज्ञा आणि गुणधर्म यांची एकाच पडद्यावर भेसळही करू नका. नंतर चूक शोधताना कुणी काय बदललं ते कळत नाही.

बटण गोल किंवा वेडंवाकडं असेल तर स्प्राइटची इंक (चित्र पडद्यावर रंगवायची पद्धत) मॅट ठेवा. बिटमॅपला मॅट असेल तरच कर्सर चित्राच्या आकारावर बदलतो, नाहीतर कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेतही बोट येतं.

स्वतःचं चित्र कर्सर म्हणून हवंय? ते 1 बिटचं, काळं-पांढरंच हवं, आणि 16 बाय 16 पिक्सेलचं. मोठं दिलंत तर वरच्या डाव्या कोपऱ्यापासून तेवढाच तुकडा घेतला जातो. 280 च्या जागी चौकटी कंसात दोन क्रमांक द्या: आधी चित्राच्या कास्ट मेंबरचा (कास्ट म्हणजे प्रकल्पातल्या चित्रांचा-आवाजांचा साठा), मग मास्कचा (चित्राचा कोणता भाग अपारदर्शक ते ठरवणाऱ्या दुसऱ्या चित्राचा). मास्क टाळता येतो, पण मग गडद पार्श्वभूमीवर कर्सर शोधत बसावं लागतं. क्लिकचा नेमका बिंदू चित्राच्या रजिस्ट्रेशन पॉइंटवरून (संदर्भबिंदूवरून) ठरतो. तो आपोआप मधोमध बसतो, त्यामुळे बाणासारखं चित्र असेल तर पेंट खिडकीत जाऊन टोकावर आणून ठेवा. रंगीत किंवा हलता कर्सर हवा असेल तर त्यासाठी वेगळा कर्सर एक्स्ट्रा (डायरेक्टरचा प्लग-इन) आहे, आणि तो प्रोजेक्टरसोबत (प्रकल्पापासून बनवलेल्या चालवायच्या फाइलसोबत) द्यायला विसरू नका.