मलूल वासराला कॉफी द्यावी का? आधी काय, नंतर काय

गाय अडली आणि वासरू ओढून काढावं लागलं, की ते पुष्कळदा मलूल पडतं. प्राणवायू कमी पडून रक्तातलं आम्ल वाढलेलं असतं. अशा वासराला कॉफी पाजण्याचा उपाय अमेरिकेतले काही पशुपालक करतात. त्यात तथ्य आहे. कॅफिन मेंदूतल्या श्वसनकेंद्राला चेतवतं; अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास अडखळतो तेव्हा डॉक्टर कॅफिन सायट्रेट देतात, ते याचसाठी. पण गोठ्यात कॉफीचा नंबर बऱ्याच मागे लागतो.

वासरू बाहेर येताच नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढा. मागचे पाय धरून उलटं टांगू नका. पोटातला भार छाती-पोटामधल्या पडद्यावर येतो आणि श्वास आणखी कोंडतो. त्यापेक्षा छातीवर बसवा, मागचे दोन्ही पाय पोटाच्या दोन्ही बाजूंनी पुढे घ्या. दोन्ही फुप्फुसं मोकळी होतात. श्वास सुरू नसेल तर वाळल्या गवताची काडी नाकपुडीत हलकेच फिरवा, कानात थोडं गार पाणी टाका. वासरू शिंकलं, डोकं झटकलं की अर्धं काम झालं. मग गोणपाटाने पाठ आणि बरगड्या जोर लावून कोरड्या करा. थंडीच्या रात्री ही घासणी कुठल्याही उत्तेजकाइतकीच मोलाची आहे.

आता तोंडात बोट घालून बघा. जीभ बोटाला गुंडाळून ओढत असेल तरच बाटलीने चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दूध, पाजा. ओढत नसेल तर चीक नाही, कॉफी तर मुळीच नाही; घोट फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया ठरलेला.

कॅफिन द्यायचंच तर पशुवैद्यकाने वजन आणि हृदयाचे ठोके पाहून. घरच्या कॉफीत कॅफिन किती, ते कपाकपाला बदलतं. जास्त झालं तर थरथर सुटते, छाती धडधडते. शिवाय नवजात यकृत ते लवकर बाहेर टाकत नाही, म्हणून तासाभराने ‘अजून थोडी’ देऊ नका.

कॉफीने हुशारी येते, पोट भरत नाही. रोगाशी लढायचं बळ चिकातच आहे. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ३० किलोच्या संकरित वासराला सुमारे ३ लिटर चीक पहिल्या सहा तासांत पोटात जायला हवा. निम्मा तर पहिल्या दोन तासांतच.

तासाभरात उभं राहिलं नाही, किंवा तोंड आतून गार लागलं, तर वाट पाहू नका. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. चोखत नसलेल्या वासराला नळीने चीक पाजण्याचं काम डॉक्टरांवरच सोपवा.