जुन्या डिझेल गाडीचं चार्जिंग तपासताना या चुका टाळा

सेल्फ रडतखडत फिरला की लोक थेट नवी बॅटरी आणतात. ती काही दिवस चालते, मग तीही बसते, कारण दुखणं बॅटरीत नव्हतंच. आधी मल्टिमीटर हातात घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मात्र सेल्फ मारल्यामारल्या मोजू नका. काही गाड्यांत हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून तापवणारे) इंजिन सुरू झाल्यावरही थोडा वेळ करंट ओढत राहतात. थोडं थांबून मोजा. एवढाही धीर नसेल, तर चार्जिंगच्या दुरुस्तीत हात घालूच नये.

चालत्या इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि इंजिन बंद पडतं का ते बघून अल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) 'तपासणं' तर कायमचं बंद करा. ज्या जुन्या डिझेलचा पंप मेकॅनिकल आहे आणि इंजिन केबलने बंद होतं, तिथे इंजिनला चालायला वीज लागत नाही, म्हणून अल्टरनेटर मेलेला असला तरी इंजिन चालतच राहतं. मग त्यातून कळलं काय? उलट अल्टरनेटर चांगला असेल, तर बॅटरी अचानक सुटल्यामुळे व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) किंवा डायोड (एसीचं डीसी करणारा भाग) जातो.

माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा अल्टरनेटर दुरुस्त करून, रंगवून बसवला होता. तरी चार्जिंग कमी, म्हणून रेग्युलेटर बदलला, मग बॅटरीही. हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजलं: अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.४, बॅटरीवर १३.१. मधले व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवत होते. प्लसच्या वायरवर ०.१, बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.१, आणि ब्लॉकपासून अल्टरनेटरच्या बॉडीपर्यंत तब्बल १.१! अल्टरनेटरचं ब्रॅकेट जिथे ब्लॉकला टेकतं तिथेच गंज, त्यावर रंगाचा थर. पॉलिश पेपरने धातू उघडा केला, बोल्ट आवळले, बॅटरीवर १४.२ आले. त्यापायी एक चांगली बॅटरी उगाच बदलली गेली होती. मी प्लस आणि अर्थ (मायनस), दोन्ही बाजू लोडवर मोजल्याशिवाय पाना उचलत नाही. कुठल्याही बाजूला ०.२ च्या वर गेलं की आधी सांधे साफ.

चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागलाच नाही, तर खूश होऊ नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, बल्ब गेला असेल तर तो मिळणार नाही.

बेल्ट ओरडतो म्हणून करकचून ताणू नका, बेअरिंग जाईल. गुळगुळीत होऊन चकाकायला लागला असेल तर बदला.

१५ व्होल्टच्या वर रीडिंग आलं तर रेग्युलेटर गेला. बॅटरीचं पाणी आटायच्या आत तो बदला.

ज्या अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो, त्याचे ब्रश (फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) तेलाने माखलेले दिसले, तर नुसते ब्रश बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. पंपाच्या बाजूचा ऑइल सील गळतोय. आधी सील बदला, आतलं तेल पुसून काढा, मग ब्रश.