पासवर्ड सांगताना ‘ए’ म्हणजे कुठला ए?

माद्रिदला आयटीच्या नोकरीवर येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, “ऑफिसात इंग्रजी चालतं ना?” चालतं. फक्त त्या इंग्रजीखाली स्पॅनिश वाहत असतं, आणि ते ऐकू यायला मला वर्ष लागलं.

सुरुवात अक्षरांपासून करा. पहिल्याच आठवड्यात मी फोनवर सहकाऱ्याला पासवर्ड सांगितला. मी ‘ए’ म्हणालो, त्यानं ‘ई’ची कळ दाबली. मी ‘ई’ म्हणालो, त्यानं ‘आय’ची. तीन प्रयत्नांत खातं बंद! चूक त्याची नव्हती. स्पॅनिशमध्ये ए, ई, आय या अक्षरांची नावंच आ, ए, ई अशी आहेत. त्यामुळे स्पेलिंग सांगायचं तर त्यांच्या पद्धतीनं सांगा. जे म्हणजे ‘खोता’, एच म्हणजे ‘आचे’, व्ही ‘उवे’, डब्ल्यू ‘उवे डोब्ले’. ईमेलमधलं अ‍ॅट म्हणजे ‘आरोबा’. हे मूळचं वजनाचं जुनं माप, साधारण साडेअकरा किलोंचं. अंडरस्कोर ‘गियोन बाखो’ आणि हॅश ‘आल्मोआदिया’, म्हणजे चक्क छोटी उशी. जोशी, जाधव मंडळींनी ‘खोशी’, ‘खादाव’ ऐकायची तयारी ठेवावी. ‘एस्क्रीन’, ‘एस्टोरेज’ ऐकून हसू नका. एस आणि जोडून व्यंजन अशी सुरुवात त्यांच्या भाषेत होतच नाही.

खरी गंमत सारख्या दिसणाऱ्या शब्दांत आहे. ‘पुट इट इन द कार्पेट’ म्हणजे फोल्डरमध्ये ठेव, कारण फोल्डरला ‘कार्पेता’ म्हणतात. ‘सेन्सिबल डेटा’ म्हणजे संवेदनशील माहिती. मीटिंगला ‘असिस्ट’ करणं म्हणजे नुसतं हजर राहणं. ‘अ‍ॅक्चुअली’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ‘सध्या’ असं म्हणायचं असतं. मला भोवलं ते ‘एव्हेंचुअली’, इंग्रजीत ‘अखेरीस’. ‘शुक्रवारी एव्हेंचुअली डिप्लॉय करू’ (म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करू) असं ऐकून मी रात्री नऊपर्यंत ऑफिसात एकटा बसून राहिलो. ‘एव्हेंतुआल्मेंते’ म्हणजे ‘जमलंच तर’. ते जमलं नव्हतं, आणि बाकीची टीम कोपऱ्यावरच्या बारमध्ये होती.

व्याकरणात मात्र आपल्याला त्यांचं मन चटकन कळतं. ‘इज नॉट वर्किंग’ एवढंच लिहिलेलं तक्रारीचं तिकीट येतं, कर्ता गायब. आपण नाही का नुसतं ‘चालत नाहीये’ म्हणत? क्रियापदातूनच कर्ता कळतो, तेच तिथंही. काय चालत नाही, तेवढं शांतपणे विचारा. ‘पीपल इज’ येतं कारण लोकांसाठीचा त्यांचा शब्द ‘हेंते’ एकवचनी आहे. ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ही थेट स्पॅनिशवरूनच आलेलं. ‘सिन्स टू मंथ्स’ तर त्यांचंही आणि आपलंही.

आकडे लिहून घ्या, नुसते ऐकून चालणार नाहीत. इथं १.५०० म्हणजे दीड हजार आणि १,५ म्हणजे दीड. इंग्रजी बिलियन म्हणजे आपलं अब्ज. स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे थेट लाख कोटी. अब्जाला ते ‘मिल मियोनेस’ म्हणतात. बजेटच्या मीटिंगमध्ये यावरून झालेला गोंधळ मी पाहिलाय.

मेक्सिकोची टीम सोबत असेल तर आणखी एक. इथला ‘ओर्देनादोर’, म्हणजे संगणक, तिकडे ‘कोम्पुतादोरा’ होतो आणि ‘मोबिल’ ‘सेलुलार’. चुकलात तरी कळतं त्यांना.

आणि हो, आपलं इंग्रजीही तपासा. ‘डू द नीडफुल’ लिहिल्यावर समोरून नुसतं प्रश्नचिन्ह आलं होतं मला. लाख आणि कोटी मेलमध्ये नकोतच. ‘प्रीपोन’ मात्र आमच्या टीमला इतका आवडला, की आता ते लंडनच्या ग्राहकाला मीटिंग प्रीपोन करा म्हणून कळवतात आणि तो मला विचारतो, हा स्पॅनिश शब्द आहे का?